धुण्याचं मशीन, मावशी आणि तीस मिलिअँपिअर

तर झालं असं, की मागच्या महिन्यात एका सकाळी आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी ड्राय बाल्कनीतून ओरडल्या, "दादा, तुमचं मशीन करंट मारतंय!" मी नेमका स्टँड-अप कॉलवर होतो. म्यूट केलं आणि आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिलं जाणारं उत्तर दिलं, "मावशी, चपला घालून हात लावत जा." मग अनम्यूट करून "नो ब्लॉकर्स फ्रॉम माय साइड" सांगितलं आणि मोकळा झालो.

शनिवारी मावशींची सुट्टी. कपडे काढायला मीच गेलो. अनवाणी, ओल्या फरशीवर. मनगट ड्रमच्या स्टीलच्या कडेला टेकलं आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. फार काही नाही, पण हात आपोआप मागे आला. तेव्हा कळलं, की या बाई गेले कित्येक दिवस हेच सहन करत होत्या आणि मी त्यांना चपला घालायला सांगत होतो.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला बेसिक इलेक्ट्रिकल होतं. अर्थिंगवर हमखास प्रश्न यायचा आणि आकृती काढून मार्कही मिळायचे. पण भाड्याच्या घरातल्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे खरंच वायर आहे का, हे बघावं असं कधी डोक्यात आलं नाही. मशीन बंद केलं, प्लग काढला, वायरमनला फोन केला. तो म्हणाला, "सोमवारी येतो." म्हणजे हातात दोन दिवस आणि डोक्यात अपराधी भाव. अशा वेळी माझ्यासारखा माणूस काय करतो? वाचत बसतो. तर हा वीकेंड धुण्याच्या मशीनच्या इतिहासावर.

सुरुवात वाटते त्यापेक्षा जुनी आहे. जर्मनीतल्या रेगेन्सबुर्ग इथल्या याकोब ख्रिस्तिआन शेफर यांनी १७६७ साली कपडे धुण्याच्या यंत्राचा आराखडा छापला. १७८२ मध्ये इंग्लंडमध्ये हेन्री सिडगियर यांनी फिरत्या ड्रमच्या यंत्राचं पेटंट घेतलं. या यंत्रांना हाताने दांडा फिरवावा लागायचा. कष्ट होतेच, पण यंत्र कुणाच्या जिवावर उठत नव्हतं, कारण ताकद माणसाच्या हाताचीच होती. हात थांबला की यंत्र थांबलं.

गडबड सुरू झाली ती मोटर आल्यावर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विजेवरची मशीन्स विकली जाऊ लागली. शिकागोच्या हर्ली कंपनीसाठी काम करणाऱ्या अल्वा फिशर यांना १९१० मध्ये मशीन चालवणाऱ्या यंत्रणेचं पेटंट मिळालं. बऱ्याच ठिकाणी 'विजेच्या वॉशिंग मशीनचे जनक' म्हणून त्यांचं नाव येतं, पण विजेच्या मशीनच्या जाहिराती त्याच्या आधीपासून होत्या. असो. मुद्दा असा, की आधी हाताने चालणाऱ्या टबालाच मोटर जोडली गेली. अनेकदा ती टबाच्या खाली, उघडीच. वरून पाणी ठिबकणार आणि खाली वीज. आपल्या भाषेत सांगायचं तर जुन्या कोडवर नवीन फीचर डकवलं आणि टेस्टिंग थेट प्रॉडक्शनमध्ये, घरातल्या बाईवर.

पण त्या काळातलं सगळ्यात घातक प्रकरण वीज नव्हतं, ते होतं पिळणं. टबाच्या वर रबराचे दोन रोलर असायचे. ओला कपडा मध्ये सरकवायचा, की पाणी पिळून तो पलीकडे निघायचा. हाताने फिरवायचे होते तोवर ठीक होतं. मोटरवर फिरायला लागल्यावर रोलरला कपडा कुठला आणि बोटं कुठली हे कळेना. बोटं अडकली की हात कोपरापर्यंत, कधी काखेपर्यंत आत. यात मुलं फार सापडायची. बॉस्टनचे सर्जन डोनाल्ड मॅकोलम यांनी १९३८ मध्ये अशा २६ रुग्णांवर वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. या दुखापतीला तेव्हा नावच पडलं होतं, 'रिंगर आर्म'. तिची वाईट बाजू अशी, की वरून हात बरा दिसतो आणि कातडीखालची इजा तासातासाने सुजत वर येते. घरच्यांना वाटायचं, चिमटलंय थोडं, होईल बरं.

मग रोलरला सुटकेची दांडी आली. तिच्यावर थाप मारली की दोन्ही रोलर एकमेकांपासून सुटे. तरी ही मशीन्स लगेच गेली नाहीत. मेटॅग कंपनीने रोलरवालं शेवटचं मशीन बनवलं ते १९८३ मध्ये!

रोलरवरचा खरा उपाय म्हणजे रोलरच काढून टाकणं. १९३७ मध्ये बेंडिक्सचं स्वयंचलित मशीन आलं. पुढून दार, आणि धुणं, खळबळणं, गरगर फिरवून पाणी काढणं सगळं एकाच ड्रममध्ये. पण ते इतकं हलायचं, की जमिनीला बोल्टने जखडून ठेवावं लागायचं.

का हलायचं, त्याचा हिशोब करून बघितला. ४८ सेंटिमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला १२०० फेरे घेत असेल, तर कडेच्या कपड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३९० पट जोर येतो. म्हणजे एक किलोचा ओला टॉवेल एकाच बाजूला गोळा झाला, तर तो ड्रमला जवळजवळ ३९० किलो वजनाच्या जोराने बाहेर ओढतो. आजच्या फ्रंट लोडमध्ये यासाठी स्प्रिंगा, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि काँक्रीटसारखी जड वजनं असतात. नवीन मशीन आलं की मागचे ट्रान्झिट बोल्ट आठवणीने काढायचे, ते यासाठी. आणि घर बदलताना पुन्हा लावायचे, म्हणून ते फेकायचे नाहीत. (आमचे कुठे आहेत, विचारू नका.)

ज्या ड्रममध्ये एवढा जोर असतो, त्यात फिरताना हात जाऊ नये म्हणून फ्रंट लोडला दाराचं लॉक आलं आणि टॉप लोडला झाकणाचा स्विच.

आपल्याकडे मध्यमवर्गाच्या घरात मशीन शिरलं ते साधारण ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, व्हिडिओकॉनच्या मशीनची दूरदर्शनवरची जाहिरात आमच्या आधीच्या पिढीला अजून तोंडपाठ आहे. बहुतेकांच्या घरी असायचं ते दोन टबांचं. एकात धुवायचं, दुसऱ्यात वाळवायचं. त्या दुसऱ्या टबाचं झाकण उघडलं की मोटर बंद होते आणि ब्रेक लागून टब थांबतो. हा स्विच किंवा ब्रेक बिघडला की ओळखीचा कारागीर काय म्हणतो? "साहेब, डायरेक्ट करून देतो." डायरेक्ट! म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी तो स्विच तिथे बसवलाय, तीच काढून टाकायची. मशीन चालतं, आपण खूश. फिरत्या टबातला रुमाल काढायला कुणी हात घातला, की तो कपडा बोटांना गुंडाळायला एक क्षणही लागत नाही.

आता विजेकडे, म्हणजे माझ्या झिणझिण्यांकडे.

'करंट माणसाला चिकटवून ठेवतो' असं आपण लहानपणापासून ऐकतो. ते खरं आहे, पण चिकटवत नाही, स्नायू आखडतात. मूठ आवळली जाते आणि उघडता येत नाही. कॅलिफोर्नियात बर्कलेचे प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी १९४० च्या दशकात याचं मोजमाप सुरू केलं. स्वयंसेवकांच्या हातात तार द्यायची, करंट हळूहळू वाढवायचा आणि कुठपर्यंत तार सोडता येते ते बघायचं. १३४ पुरुष आणि २८ स्त्रिया. पुरुषांची सरासरी १६ मिलिअँपिअर आली, स्त्रियांची साडेदहा. त्यापुढे हात सुटत नाही.

आता घरातला एमसीबी आठवा. मशीनच्या लाइनवर बहुतेकदा १६ अँपिअरचा असतो. माणूस अडकतो १६ मिलिअँपिअरला. बरोब्बर हजारपट फरक! एमसीबी तुमची वायर जळू नये म्हणून आहे. तुमच्याशी त्याला देणंघेणं नाही.

माणसासाठी वेगळी वस्तू लागते. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. कमी आला तर तो कुठेतरी, कदाचित कुणाच्या तरी अंगातून, जमिनीत जातोय. या फरकावर लाइन तोडायची. दक्षिण आफ्रिकेत हेन्री रुबिन यांनी १९५५ मध्ये सोन्याच्या खाणींसाठी असं उपकरण केलं, ते २५० मिलिअँपिअरला तुटायचं. १९६१ मध्ये डाल्झिएल यांनी ते ५ मिलिअँपिअरपर्यंत आणलं. आपल्याकडे घरात जे आरसीसीबी बसवतात ते साधारणपणे ३० मिलिअँपिअरचं असतं. झटका बसतो, पण हृदयाचे ठोके बिघडण्याआधी लाइन तुटते.

सोमवारी वायरमन आला आणि कोडं सुटलं. किचनचं रिनोव्हेशन करताना कुणीतरी ड्राय बाल्कनीपर्यंत दोनच वायरी ओढल्या होत्या. तिसरं भोक नुसतं शोभेला. आपला तीन गोल पिनांचा प्लग १९३४ च्या ब्रिटिश स्टँडर्डमधून आलाय. त्यातली अर्थची पिन मुद्दाम लांब ठेवलीय, म्हणजे ती सगळ्यात आधी लागावी आणि सगळ्यात शेवटी सुटावी. नव्वद वर्षांपूर्वी कुणीतरी एवढा विचार केला, आणि आम्ही मागे वायरच जोडली नाही.

गंमत म्हणजे मशीन बिघडलेलं नव्हतंच. आजकालच्या मशीनमध्ये विजेतला गोंगाट गाळणारा फिल्टर असतो आणि त्यातले छोटे कपॅसिटर बॉडीला, म्हणजे अर्थला जोडलेले असतात. अर्थ असेल तर तो अगदी बारीक करंट निमूट जमिनीत जातो. नसेल तर बॉडीवर मेन्सच्या साधारण निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं आणि आपल्याला झिणझिण्या येतात. तो करंट सहसा जिवावर बेतत नाही, पण अर्थ नाही हे तो ओरडून सांगत असतो. उद्या हीटरला चीर गेली किंवा मोटरचं इन्सुलेशन गेलं, की त्याच ड्रमवर पूर्ण २३० व्होल्ट. तेव्हा भिजलेली चप्पल काय करणार?

अर्थ आणि आरसीसीबी दोन्ही हवेत, हेही तेव्हा नीट समजलं. अर्थ असेल तर बिघाड होताक्षणी आरसीसीबी पडतं. अर्थ नसेल तर ते पडायला कुणाला तरी हात लावावा लागतो.

सुरक्षेचा भाग बसवला म्हणजे काळजी मिटली, असंही नाही. ब्रिटनमध्ये हॉटपॉइंट आणि इंडेसिटची ५,१९,००० पर्यंत मशीन्स २०२० मध्ये परत बोलवावी लागली. कारण? दाराचं लॉक तापून आगीचा धोका. सुरक्षेसाठी दिलेल्या पॅचमध्येच बग! म्हणून मशीन घेतल्यावर कंपनीकडे नोंदणी करा, असं काही निघालं तर कळतं तरी.

वायरमनने तिसरी वायर ओढली आणि आरसीसीबी बसवलं. घरमालकांनी निम्मे पैसे दिले, तेही दोन दिवस समजूत घातल्यावर. आता माझी चेकलिस्ट, तुम्हीही वापरा:

१. अंगाला बारीकसा करंट लागला तरी मशीन बंद करून अर्थिंग तपासून घ्या. आरसीसीबीचं टेस्ट बटण अधूनमधून दाबा. पण ते आरसीसीबी तपासतं, अर्थिंग नाही.

२. दोन किलोवॉटचा हीटर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास घेतो. १६ अँपिअरचंच सॉकेट हवं, एक्स्टेन्शन बोर्ड नको.

३. धुणं झालं की नळ बंद. पाइप फुटला तर खालच्या मजल्यापर्यंत तळं होतं.

४. पंपाचा फिल्टर उघडण्याआधी प्लग काढा, आतलं गरम पाणी थंड होऊ द्या. बोअरच्या पाण्याने हीटरवर क्षार बसतात, अधूनमधून डीस्केल करा. पण ती आम्लाची पावडर आणि ब्लीच एकत्र कधीच नाही, विषारी क्लोरीन निघतो.

५. पेट्रोल किंवा थिनर लागलेले कपडे मशीनमध्ये घालू नका.

६. घरात लहान मूल असेल तर टॉप लोडमध्ये पाणी भरून ठेवू नका, जवळ स्टूल ठेवू नका.

७. कुणी "डायरेक्ट करून देतो" म्हणालं, तर नको म्हणा.

वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत होती. रोलरमध्ये सापडली ती मुलं. उघड्या मोटरच्या टबात हात घालणाऱ्या बायका. आमच्या बाल्कनीत मावशी. मशीन घेणारा, जोडून घेणारा आणि त्याला रोज हात लावणारा, ही बहुतेकदा वेगवेगळी माणसं असतात. मावशींनी तक्रार नीट, वेळेवर आणि स्पष्ट शब्दांत केली होती. मी 'वर्कअराउंड' देऊन ती क्लोज केली.

मंगळवारी मावशी आल्यावर त्यांना नवीन वायर दाखवली, टेस्ट बटण दाबून दाखवलं आणि आधीच बघायला हवं होतं, माझं चुकलं असं सांगितलं. त्यांनी हाताच्या मागच्या बाजूने ड्रमला हळूच टेकवून बघितलं. मग म्हणाल्या, "दादा, पलीकडच्या बिल्डिंगमधल्या ताईंचं मशीन पण असंच मारतंय. त्यांना पण सांगाल का?"

सांगितलं. पुढच्या शनिवारी वायरमन तिकडे जाणार आहे.