हर्मिसचा ग्रंथ आणि एक फलदायी गैरसमज

१/ १४६०च्या सुमारास एक भिक्षू मॅसिडोनियातून ग्रीक हस्तलिखित घेऊन फ्लॉरेन्सला आला. वृद्ध कोसिमो दे मेदिचीने मार्सिलियो फिचिनोला आज्ञा केली: प्लेटो थांबू दे, आधी हे लॅटिनमध्ये आण.

२/ हा ग्रंथ मोझेसच्या सुमारास होऊन गेलेल्या हर्मिस ट्रिस्मेजिस्टस या इजिप्शियन ज्ञात्याचा, अशी समजूत होती. १४६३ मध्ये भाषांतर पूर्ण झाले. पुढच्याच वर्षी कोसिमो निवर्तला.

३/ फिचिनो वैद्य होता आणि पुढे धर्मगुरूही झाला. १४८९च्या ग्रंथात त्याने सूर्याचे बळ मिळवण्यासाठी सोने, केशर, मध सुचवले. त्याच्या दृष्टीने उपचार, उपासना आणि ग्रहविद्या यांचे मूळ एकच होते.

४/ १५४३ मध्ये कोपर्निकसने सूर्याला विश्वाच्या मध्यभागी स्थान देताना हर्मिसचाच दाखला दिला.

५/ १६१४ मध्ये आयझॅक कॅसोबॉनने भाषेच्या पुराव्यावरून दाखवून दिले, की हे लेखन ख्रिस्तोत्तर काळातले आहे. ग्रंथाचे प्राचीनत्व गेले. मात्र निसर्गातील सुप्त शक्ती जाणून त्या मानवाने वापराव्यात, ही त्याने बळावलेली आकांक्षा प्रयोगशाळेपर्यंत पोहोचली.