‘असूनही’ या शब्दामागचा इतिहास

वसईच्या ख्रिस्ती समाजाविषयी मराठी वृत्तपत्रांत गौरवाने लिहिले जाते, तेव्हाही एक शब्द अनेकदा भेटतो : ‘असूनही’. अमुक लेखक ख्रिस्ती असूनही उत्तम मराठी लिहितात. तमुक कुटुंब ख्रिस्ती असूनही मराठी चालीरीती जपते. लिहिणाऱ्याचा हेतू बहुधा निर्मळच असतो. परंतु ख्रिस्तीपण आणि मराठीपण यांत मुळातच विरोध आहे, हे या शब्दाने गृहीत धरलेले असते आणि वाचकही ते नकळत स्वीकारतो. हे गृहीतक इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते?

१५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोन शतकांत येथे धर्मांतरे झाली. त्यांमागे सत्तेचा दबावही होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु राज्यकर्ते गेल्यानंतर हा समाज आपल्या बागायतीत आणि आपल्या बोलीतच राहिला. येथील सामवेदी ख्रिस्ती स्वतःला ‘कुपारी’ म्हणवतात. या शब्दाचे मूळ पोर्तुगीज ‘कोंपाद्रे’ या शब्दात सांगितले जाते. मुलाचा जन्मदाता आणि बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता यांचे परस्परनाते त्यातून व्यक्त होते. स्नेहाने जोडलेल्या नात्याचे नाव येथे साऱ्या समाजाचे नाव झाले. याउलट ‘धर्मांतरित’ हे विशेषण बाहेरून येते. धर्मांतर ही एका व्यक्तीच्या आयुष्यातील घटना होय. चार शतकांनंतरच्या वंशजाला ते विशेषण लावणे म्हणजे त्याला कायम उंबरठ्यावर उभे ठेवणे.

वाङ्मयाचा इतिहास याहून स्पष्ट साक्ष देतो. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला. ख्रिस्ताची कथा सांगण्यासाठी त्याने मराठी भाषा आणि ओवी छंद निवडला. सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. लिपी परकी, रचना मात्र पुराणाची. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) लोकभाषेतील उपासनेला वाट मोकळी केली आणि वसईच्या चर्चमध्ये मराठी ही उपासनेची भाषा झाली. या दोन्ही ठिकाणी ‘असूनही’ नव्हे, ‘असल्यामुळे’ हा शब्द योजावा लागतो.

तरीही २०१९ साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा काही संघटनांनी त्यांच्या धर्मगुरू असण्यालाच आक्षेप घेतला. ‘सुवार्ता’ मासिकाचे प्रदीर्घ संपादन आणि ‘सुबोध बायबल’ हे त्यांचे मराठी कार्य बाजूला पडून चर्चा त्यांच्या झग्याभोवती फिरत राहिली. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथे संमेलन पार पडले. २०२४ साली फादर निवर्तले. प्रश्न मात्र उरला आहे.

‘पगार’, ‘चावी’, ‘तुरुंग’ हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. ‘पोर्तुगीज असूनही मराठी’ असे त्यांच्याविषयी कोणी म्हणत नाही. शब्दांना जे नागरिकत्व आपण सहज दिले, ते माणसांना देताना अडखळतो. वर्गात वृत्तपत्राची भाषा शिकवताना एक साधा प्रयोग करून पाहावा : बातमीतील ‘असूनही’ काढून त्या जागी ‘आणि’ ठेवावे. वाक्य बिघडत नाही. बहुतेक वेळा ते अधिक खरे होते.