नागपूरच्या उन्हाळ्यात अंड्यांची पारख

नागपूरकरांना वैशाखातले ऊन नवे नाही. २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. अशा दिवसांत दूध नासते, पालेभाजी कोमेजते, हे प्रत्येक गृहिणी जाणते. अंडे मात्र कवचाआड असल्याने त्यात झालेला बदल वरून दिसत नाही. जादा दाम देऊन आणलेले गावरान अंडे फोडताच आत रक्ताच्या शिरा किंवा अर्धवट वाढलेला गर्भ निघाला, तर अंड्याबरोबर पातेल्यातील पदार्थही वाया जातो.

गर्भ येतो कोठून?

बाजारात येणारी पांढरी अंडी बहुतांशी लेअर कोंबड्यांच्या फार्मवरील असतात. तेथे कोंबड्यांसोबत नर ठेवलेला नसतो. त्यामुळे ही अंडी अफलित असतात आणि कितीही उष्णता लागली तरी त्यांत गर्भ धरत नाही. गावरान कोंबड्या अंगणात कोंबड्यासोबत फिरतात. त्यांची अंडी फलित असू शकतात. अंडे घातल्यानंतर साधारण २१ अंशांखाली ठेवल्यास गर्भाची वाढ थांबून राहते. त्यापुढे तापमान गेल्यास ती कमी-अधिक वेगाने सुरू होते. उबवणी यंत्रात सुमारे ३७.५ अंश तापमान राखतात आणि २१ दिवसांनी पिल्लू बाहेर पडते. मे महिन्यात विदर्भातील घरात किंवा दुकानात पारा सहज तेवढा चढतो. खुडूक कोंबडी न बसताही अशा अंड्यात गर्भ वाढू लागतो. मात्र उष्णता व आर्द्रता नियमित नसल्याने तो बहुधा मध्येच मरतो आणि अंडे सडते.

उजेडाची परीक्षा

फिलिपिन्समध्ये 'बालुट' आणि व्हिएतनाममध्ये 'होत वित लोन' या नावाने बदकाची गर्भयुक्त अंडी आवडीने खाल्ली जातात. बदकाचे अंडे उबण्यास २८ दिवस लागतात. बालुटसाठी ते साधारणपणे १४ ते १८ दिवसच उबवून उकडतात. गर्भ योग्य वाढला की नाही, हे तेथील विक्रेते अंडे दिव्यासमोर धरून ठरवतात. नागपूरच्या ग्राहकाला गर्भ नको असतो, पण परीक्षा हीच उपयोगी पडते.

अंधाऱ्या खोलीत बॅटरीचा झोत अंड्याच्या बोथट टोकाला लावून अंडे हळूहळू फिरवावे. ताजे अंडे आतून एकसारखे उजळ दिसते, बलकाची छाया अंधूक असते आणि बोथट टोकाची हवेची पोकळी लहान असते. ॲगमार्कच्या निकषानुसार 'अ' प्रतीच्या अंड्यात या पोकळीची खोली ४ मिलिमीटरपर्यंत असावी लागते. कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा, रक्ताचे वर्तुळ किंवा काळसर गोळा दिसल्यास ते अंडे घेऊ नये.

पाण्यात टाकून पाहण्याची रीतही उपयोगाची आहे. ताजे अंडे तळाशी आडवे राहते, जुने उभे राहते आणि फार जुने तरंगते. परंतु त्यातून केवळ अंड्याचे वय कळते. नुकताच गर्भ धरलेले अंडेही बुडतेच. म्हणून गावरान अंड्यांसाठी उजेडाची परीक्षा टाळू नये.

खरेदी करताना

मंगळवारी बाजार असो वा गोकुळपेठ, उन्हात मांडलेल्या ट्रेमधील अंडी टाळावीत. तडा गेलेले, ओलसर किंवा चिकट कवचाचे अंडे घेऊ नये. कानाशी हलवून पाहिल्यास जुने अंडे डुचमळते. कवचाचा रंग ताजेपणा सांगत नाही. अंडी केव्हा घातलेली आहेत, हे विक्रेत्यास विचारावे आणि उन्हाळ्यात चार-पाच दिवस पुरतील एवढीच घ्यावीत.

घरी आणताच ती न धुता, बोथट टोक वर ठेवून फ्रिजमध्ये ठेवावीत. धुतल्याने कवचावरील संरक्षक थर निघून जातो व छिद्रांतून जंतू आत शिरू शकतात. अंडी पूर्ण शिजवूनच खावीत. सालमोनेला जंतूंपासून बचावाचा तोच खात्रीचा उपाय होय. बलकावरील रक्ताचा एकटा ठिपका म्हणजे गर्भ नव्हे. अंडे तयार होताना बारीक रक्तवाहिनी फुटल्याने तो उमटतो. तो काढून टाकून उरलेले अंडे शिजवून वापरता येते.

आणि शेवटची दक्षता म्हणजे प्रत्येक अंडे आधी वेगळ्या वाटीत फोडावे. एखादे खराब निघालेच, तर तेवढेच टाकावे लागेल.