मातीसाठी जामीन

चंदगड आणि राधानगरी या तालुक्यांतील डोंगरमाथ्यांवर विस्तीर्ण सपाट पठारे आहेत. लोक त्यांना सडा म्हणतात. वर जांभ्याचा उघडा खडक, त्याच्या खोलगट भागांत वीतभर माती आणि मृगाच्या सरींबरोबर त्या मातीतून वर येणारे गवत, एवढेच त्या सड्याचे वैभव. परंतु याच जांभ्याच्या थरात बॉक्साइट आहे, आणि बॉक्साइटपासून ॲल्युमिनियम होते.

१९५६ पूर्वी चंदगड हा बेळगाव जिल्ह्याचाच तालुका होता. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि चंदगड कोल्हापूर जिल्ह्याला जोडले गेले. पुढे १९७० च्या सुमारास इंडियन ॲल्युमिनियम कंपनीचा कारखाना बेळगावात उभा राहिला आणि चंदगडचे बॉक्साइट सीमा ओलांडून तेथे येऊ लागले. खाण एका राज्यात आणि भट्टी दुसऱ्या राज्यात, अशी ही विभागणी झाली.

पाण्याची विभागणी मात्र कोणत्याही कायद्याने झाली नाही. चंदगडच्या डोंगरांतील ताम्रपर्णी घटप्रभेला मिळते, आणि ते पाणी हिडकलच्या धरणात साठून बेळगाव शहरापर्यंत पोहोचते. राधानगरीकडून येणारी दूधगंगा वेदगंगेला बरोबर घेऊन निपाणी-चिकोडीच्या शिवारांतून कृष्णेला जाते. सड्यावरची माती सुटली, तर गाळ खालच्या नदीत उतरणार, हे उघड आहे. म्हणूनच खणलेली जमीन पुन्हा नीट कोणी करावयाची, आणि ती नीट झाली हे कोणी ठरवावयाचे, हा प्रश्न सीमेच्या दोन्ही अंगांच्या शेतकऱ्यांचा आहे.

या प्रश्नाला उत्तर देण्यास आपल्याकडील नियमांना बराच काळ लागला. खनिजांच्या जतनासंबंधीचे १९८८ चे नियम वरची माती वेगळी काढून जपण्यास, टाकाऊ दगडमाती नीट रचण्यास आणि खणलेली जमीन टप्प्याटप्प्याने पूर्ववत करण्यास सांगत होते. आज्ञा चांगली होती. परंतु ती मोडणाऱ्याचे काही अडकून पडत नव्हते. २००३ मध्ये त्या नियमांत दुरुस्ती झाली आणि खाणवाल्याने हमीरक्कम ठेवलीच पाहिजे असे ठरले. यंत्रांनी चालणाऱ्या मोठ्या खाणींसाठी, म्हणजे 'अ' वर्गासाठी, ती हेक्टरी २५ हजार रुपये आणि 'ब' वर्गासाठी १५ हजार रुपये होती. २०१७ मध्ये हे आकडे ३ लाख व २ लाख झाले आणि २०२१ मध्ये ५ लाख व ३ लाख. खाण मिटविण्याची योजना पुरी झाल्याचा दाखला भारतीय खाण ब्यूरोच्या अधिकाऱ्याने दिला की हमी मोकळी होते. काम न झाल्यास ती जप्त होऊ शकते.

दगडी कोळशाच्या खाणींनाही हाच मार्ग लागू झाला. केंद्राच्या कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये उघड्या खाणींसाठी हेक्टरी ६ लाख रुपये स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे ठरविले. चंद्रपूर-वणीच्या कोळसापट्ट्यालाही हे लागू झाले.

तथापि रकमेच्या आकड्याहून ती सोडण्याची कसोटी अधिक महत्त्वाची असते. अमेरिकेने १९७७ मध्ये कोळशाच्या उघड्या खाणींसाठी जो कायदा केला, त्यात ही कसोटी फार बारकाईने बांधलेली आहे. खड्डा बुजवून, उतार पूर्वीसारखा करून, पाण्याचा निचरा साधला म्हणजे जामिनाचा ६० टक्क्यांपर्यंत भाग सुटतो. पुढचा भाग हिरवळ रुजल्यावर. आणि तोही त्या जमिनीतून अतिरिक्त गाळ ओढ्यात जात असेल तर सुटत नाही. उत्तम शेतजमीन असेल, तर शेजारच्या न खणलेल्या शेताइतके पीक तेथे आले पाहिजे. शेवटचा भाग लागवडीनंतर ५ वर्षे थांबतो. वर्षाला २६ इंच किंवा त्याहून कमी पाऊस पडणाऱ्या प्रदेशात १० वर्षे. शिवाय जामीन सोडविण्याचा अर्ज करताना स्थानिक वर्तमानपत्रात ओळीने चार आठवडे जाहिरात द्यावी लागते, म्हणजे ज्याच्या विहिरीत गढूळ पाणी आले असेल त्याला हरकत घेता येते.

आपल्या सड्याला या अटी जशाच्या तशा लागू पडणार नाहीत. तेथे पाऊस उदंड आहे आणि माती थोडी. जेथे मूळचे गवत होते, तेथे झपाट्याने वाढणारी झाडे ओळीने लावली तर छायाचित्रात हिरवेपणा दिसेल. गुरांना चारा मिळणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी खाणींच्या जागी पुन्हा गवत उगवून चारा उपलब्ध करण्याची अट घालावी असा आदेश केंद्र सरकारला दिला, त्याचे मर्म हेच आहे.

सावकार कर्ज पुरे फिटल्याखेरीज गहाणखत परत करीत नाही. जमिनीचे कर्ज फिटले की नाही, हे एका उन्हाळ्यातील पाहणीत कळत नाही. काही पावसाळे गेल्यावर गवत आपल्या बियाण्याने उगवते का, गुरे तेथे चरतात का आणि खालच्या ओढ्याचे पाणी श्रावणात निवळते का, हे पाहावे लागते. दाखल्यावर सही अधिकाऱ्याची असली, तरी या तिन्ही गोष्टींची साक्ष सड्याखालच्या गावांनाच देता येईल, आणि हमी सोडण्यापूर्वी ती घेतली गेली पाहिजे.