खांदेरी बांधायची, पण विचारायचं कोणाला?

थळच्या किनाऱ्यावरून होडीत बसा. खांदेरी बेटावर उतरलात की आधी वेताळाला हात जोडा, मग तो नावाजलेला दगड वाजवा. धातूच्या भांड्यासारखा ठण्ण आवाज येतो. तो विरेपर्यंत दीपगृह गायब झालेलं असतं आणि तुमच्या डोक्यावर दगडांची पाटी आलेली असते. साल 1679, पावसाळा सरत आलाय.

मायनाक भंडाऱ्यांची माणसं तट रचतायत. हुकूम रायगडाचा, म्हणजे शिवाजी महाराजांचा. तिथे अष्टप्रधान आहेत, पण ते महाराजांनीच नेमलेले. सल्ला त्यांचा, शेवटचा शब्द महाराजांचा. पाटी उचलताना तुम्हाला हे बरं वाटतं. निदान हुकूम एकच येतो.

समोर इंग्रजांची जहाजं वाट अडवून उभी आहेत. त्यांचं सगळं वाऱ्यावर. रात्री वारा पडला की आपली गलबतं नागावच्या खाडीतून वल्ही मारत येतात, शिधा उतरवतात आणि उजाडायच्या आत पसार होतात. तुम्ही अंधारात गुडघाभर पाण्यात उभे राहून पोती झेलता. खांदा खाऱ्या पाण्याने चरचरतो.

18 ऑक्टोबरला महाराजांच्या दौलतखानाचं आरमार इंग्रजांवर चालून जातं. इंग्रजांचं ‘डव्ह’ जहाज हाती लागतं, बाकीची पांगतात. ‘रिव्हेंज’ मात्र तोफा डागत ठाण मांडतं आणि आपली गलबतं नागावकडे वळतात. जिंकलं कोण, यावर दोन्हीकडचे इतिहासकार अजून भांडतात. तट मात्र चढत राहिला.

आता जरा इंग्रजांच्या मुंबईच्या किल्ल्यात डोकावा. इथल्या कारभाऱ्यांना बेट हवंय, पण त्यांच्या वर सुरतेचं कौन्सिल आणि त्याच्याही वर लंडनचे भागीदार. बिगरख्रिस्ती सत्तांशी युद्ध आणि तह करण्याची मुभा 1661च्या सनदेनं ईस्ट इंडिया कंपनीला दिली होती, आणि ती सनदही इंग्लंडच्या राजाची. तरी सुरतेला डोळ्यांपुढे दिसतो तो खर्च. जहाजं, खलाशी, दारूगोळा, वर महाराजांशी बिघडलेला व्यापार! ‘ही लढाई परवडते का?’ हा विधिमंडळानं विचारावा असा प्रश्न इथे वाण्याच्या वहीनं विचारला. तत्त्वासाठी नव्हे, कंजुषीपायी, पण विचारला.

जानेवारी 1680. जंजिऱ्याचा सिद्दी शेजारच्या उंदेरी बेटावर उतरतो आणि त्याच्या तोफांचे गोळे तुमच्या तटावर येऊ लागतात. इंग्रज जहाजं मागे घेतात. खांदेरी महाराजांकडेच राहते. पाट्या वाहणाऱ्याला मात्र रायगडानंही विचारलं नव्हतं आणि सुरतेनंही.

दगड पुन्हा वाजवा, परत या. दीपगृह जागेवर आहे. आज विचारायला संसद आहे. राष्ट्रीय आणीबाणीची घोषणा झाली तर तिला महिन्याभरात संसदेची मंजुरी लागते, सैन्याचा पैसाही संसदच मंजूर करते. पण लढाई सुरू करण्याआधी संसदेचं मत घ्यावं, असं आपल्या राज्यघटनेत कुठेही लिहिलेलं नाही.