डीटीएफ मुद्रक, परिवर्तित : शाईप्रवाहातील दोष

कागदावर छायाचित्रे छापण्यासाठी बनवलेल्या इंकजेट मुद्रकात फेरफार करून तो पीईटी फिल्मवर छापण्याजोगा केला, की त्यास परिवर्तित (व्यवहारात ‘कन्व्हर्टेड’) डीटीएफ (डायरेक्ट टू फिल्म) मुद्रक म्हणतात. फिल्मवर प्रथम उलटी रंगीत प्रतिमा, तिच्यावर पांढऱ्या शाईचा थर, ओल्या थरावर चिकट पावडर, पावडर वितळवणे आणि अखेरीस हीट प्रेसने कापडावर उतरवणे, असा छपाईचा क्रम असतो. टी-शर्ट छापणाऱ्या लहान व्यावसायिकांत एप्सन एल१८०० या ए३+ यंत्राचे परिवर्तन विशेष रूढ झाले. पुढील विवेचन मुख्यतः त्यास धरून आहे.

मूळ रचना : या यंत्राच्या हेडमध्ये सहा रंगांच्या वाहिन्या असून प्रत्येकीस ९० छिद्रे (नोझल) आहेत. यंत्र पातळ, पूर्ण विरघळलेल्या डाय शाईसाठी आखलेले आहे. परिवर्तनात लाइट सायन व लाइट मॅजेंटा यांच्या वाहिन्या पांढऱ्या शाईला दिल्या जातात. छपाई चालू असताना टाकीतून शाई ढकलणारा पंप या रचनेत नसतो. पिझो स्फटिकाच्या हालचालीने थेंब बाहेर पडला, की छिद्रातील केशाकर्षणाने मागची शाई पुढे येते. ही ओढ अत्यंत क्षीण असल्याने वाटेत थोडा जरी अडथळा वाढला, तरी हेड उपाशी राहते. टाकीतील शाईची पातळी छिद्रांच्या किंचित खाली असावी लागते. टाकी उंचावर ठेवल्यास शाई हेडमधून ठिबकते व रंग एकमेकांत मिसळतात. फार खाली ठेवल्यास छिद्रांतून हवा आत ओढली जाते.

पांढरी शाई : बहुतेक तक्रारींचे मूळ येथे आहे. तिच्यातील टायटॅनियम डायऑक्साइडची घनता पाण्याच्या सुमारे चौपट आहे, आणि अपारदर्शकता मिळण्यासाठी कणही इतर रंगद्रव्यांपेक्षा मोठे ठेवावे लागतात. त्यामुळे यंत्र उभे राहिले, की कण टाकीच्या तळाशी, नळीच्या सखल वळणांत आणि डॅम्परच्या (हेडआधीच्या गाळणी-कुपीच्या) जाळीवर बसतात. वर उरलेले पातळ द्रव व्यवस्थित वाहते. नोझल चेक (छिद्रांची चाचणी-छपाई) पूर्ण येतो, पण काळ्या कापडावर छपाई विरळ व मळकट दिसते. हा प्रवाहाचा नव्हे, सांद्रतेचा दोष आहे आणि हेड क्लिनिंगने तो जात नाही. टाकी रोज हळुवार ढवळणे व नळीतील जुनी शाई सिरिंजने काढून टाकणे हाच उपाय. जोरात हलवल्यास फेस होऊन हवा शिरते. काही परिवर्तनांत ढवळणी व शाई फिरती ठेवणारा छोटा पंप बसवतात. मात्र ते अभिसरण डॅम्परपर्यंत पोहोचत नसेल, तर शेवटच्या टप्प्यातील साका तसाच राहतो.

निदान : दुरुस्तीचा खरा आधार नोझल चेकची पट्टी आहे. ती लागोपाठ दोनतीनदा काढून पाहावी. तुटलेल्या रेषा प्रत्येक वेळी त्याच जागी असतील, तर ती छिद्रे चोक झाली आहेत. तुटण्याची जागा बदलत असेल, तर वाहिनीत हवा आहे. पट्टी पूर्ण, पण मोठ्या चित्रात थोड्या अंतरानंतर पांढरा रंग विरत जातो आणि यंत्र थांबवून ठेवल्यावर परततो, तर पुरवठा अपुरा आहे : डॅम्परची जाळी भरलेली, नळी दुमडलेली, टाकीचे हवेचे छिद्र बंद किंवा वाहतुकीच्या वेळी शाई बंद करणारा लॉक अर्धवट फिरलेला. क्लिनिंगनंतर पट्टी सुधारण्याऐवजी बिघडली, तर हेड झाकणारी कॅप वा तिच्याखालचा शाई ओढणारा पंप तपासावा. हा भेद न करता क्लिनिंगमागून क्लिनिंग करणे हीच या यंत्रांची सर्वांत मोठी हानी आहे. तीत महाग शाई वाया जाते, टाकाऊ शाईचे पॅड भरते आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो.

डॅम्पर : नळी व हेड यांच्यामधली ही लहान कुपी शाई गाळते आणि दाबातले धक्के शोषते. पांढऱ्या वाहिन्यांचे डॅम्पर इतरांपेक्षा लवकर बदलावे लागतात. नवा डॅम्पर बसवताना सिरिंजने शाई सावकाश ओढावी. झटका दिल्यास पातळ पडदा फाटतो. नळीच्या जोडावरची ओ-रिंग वाकडी बसली, की शाई बाहेर न सांडताही हवा आत येत राहते. वारंवार हवा धरणाऱ्या वाहिनीत प्रथम हाच जोड पाहावा. डॅम्परमधून गळलेली शाई हेडच्या चपट्या केबलवर पोहोचल्यास हेडबरोबर मेनबोर्डही जळू शकतो. म्हणून डॅम्पर काढण्यापूर्वी वीजजोड काढणे आणि केबल पूर्ण कोरडी झाल्याखेरीज यंत्र चालू न करणे अत्यावश्यक आहे.

कॅप व वायपर : यंत्र थांबल्यावर कॅप छिद्रे झाकून ओली ठेवते आणि क्लिनिंगच्या वेळी तिच्यातूनच शाई ओढली जाते. रबरी कडेवर पांढऱ्या शाईचा थर वाळला, की दोन्ही कामे बिघडतात. पावडरचे हवेत उडणारे कणही तेथे चिकटतात, त्यामुळे पावडर टाकण्याची जागा मुद्रकापासून दूर हवी. कड व वायपर रोज क्लिनिंग द्रवाने पुसावेत.

वाळणे : फिल्मखालचा तापता पाट आणि कोरडी हवा यांमुळे छिद्रांतली शाई घट्ट होते. हवेची आर्द्रता ४० ते ६० टक्के असणे सामान्यतः योग्य मानले जाते. विदर्भातील उन्हाळ्यात कूलर वा ह्युमिडिफायरशिवाय ती राखणे कठीण.

चोक झालेली छिद्रे : कॅपमध्ये क्लिनिंग द्रव भरून हेड काही तास तीवर ठेवणे हा सौम्य उपाय. सिरिंजने हेडमधून द्रव दाबून काढण्याबाबत कारागिरांत एकमत नाही. दाब वाढल्यास आतले थर सुटतात. दीर्घ सुट्टीत पांढरी वाहिनी रिकामी करून द्रवाने भरावी की शाई तशीच ठेवून रोज थोडी छपाई करावी, याबाबतही मतभेद आहेत.

रंगीत वाहिन्या : दोष तुलनेने कमी, उपाय वरीलप्रमाणेच.

विद्युत् दोष : एखादी वाहिनी शाई असूनही पूर्ण कोरी छापत असेल, तर केबल व हेडची चालक यंत्रणा तपासावी.