धूर, अग्नी आणि मेंदूतली गाठ

लातूर-नांदेडकडचा माणूस डोक्याच्या एमआरआयची फिल्म पिशवीत घालून मुंबईला नाहीतर हैदराबादला निघतो, तेव्हा घरच्यांचा प्रश्न एकच असतो: गाठ कॅन्सरची की टीबीची? चित्रात दोन्ही कधीकधी सारख्याच दिसतात. एकीसाठी बहुधा कवटी उघडावी लागते, दुसरी बऱ्याचदा औषधांनी जिरते.

इथं जरा मागं जाऊ. 1946 साली ब्लॉख आणि पर्सेल यांनी चुंबकातल्या अणुकेंद्रांचा रेडिओलहरींना मिळणारा प्रतिसाद पकडला. त्यांना केंद्राचं चुंबकत्व अचूक मोजायचं होतं. पण 1950 पासून घोटाळा दिसू लागला. मूलद्रव्य तेच, पण संयुग बदललं की आकडा सरकायचा. पदार्थविज्ञानवाल्यांना ही कटकटच वाटली. 1951 मध्ये स्टॅनफर्डला अर्नोल्ड, पॅकार्ड आणि आपले एस. एस. धर्मट्टी यांनी दाखवलं, की साध्या अल्कोहोलमधला हायड्रोजन तीन शिखरं देतो, 3:2:1 प्रमाणात. त्या रेणूत हायड्रोजन तीन जागी बसतो, अगदी तसा. म्हणजे पदार्थ आपली ओळख सांगत होता! धर्मट्टींनी पुढे मुंबईच्या टीआयएफआरमध्ये हे काम रुजवलं. आमच्या विद्यार्थिदशेत हे नाव आम्ही ऐकलंसुद्धा नव्हतं.

आज तीच शिखरं सुई न टोचता मेंदूतून मिळतात. एनएए हा चेतापेशींतला पदार्थ; ट्यूमरमध्ये तो घटतो. पेशींची आवरणं भराभर घडू-मोडू लागली की कोलीन वाढतं. ट्यूमर साखरेचं लॅक्टेट करतो, हे वॉरबर्गनं 1920 च्या दशकातच पाहिलं होतं.

आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना इथं न्यायदर्शनातला डोंगरावरचा धूर आठवतो. धूर दिसला म्हणजे अग्नी आहे. पण अग्नीवाचून धूर कुठंच नसेल, तरच. क्षयाच्या गाठीत लिपिडचं शिखर उंच असतं. मात्र आतून मेलेल्या ट्यूमरमध्येही ते दिसतं. नैयायिक म्हणेल, हेतू सव्यभिचारी आहे. म्हणून डॉक्टर कोलीनही बघतात, छातीचा फोटोही बघतात, आणि तरी कधी तुकडा काढून तपासावाच लागतो.

2012 च्या सुमारास मात्र खरा धूर सापडला. आयडीएच जनुक बिघडलेल्या ग्लायोमात 2-हायड्रॉक्सीग्लुटारेट साचतं. निरोगी मेंदूत ते जवळजवळ नसतंच. पण शिखर बुटकं आणि शेजारच्या ग्लुटामेटमध्ये मिसळणारं. यंत्र नीट लावलं नाही, तर असूनही दिसत नाही.